तारेचा इअरफोन आणि ज्येष्ठांचा कान

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, रक्तदाबाच्या एका गोळीची वेळ बदलली. डॉक्टरांनी फोनवरून सांगितले, "रात्री दहाला घ्या." नानांनी ऐकले, "सहाला." चार दिवस ती गोळी दुपारच्या गोळीला खेटून पोटात जात राहिली. पाचव्या दिवशी खाटेवरून उठताना त्यांना भोवळ आली, तेव्हा कुठे हा घोटाळा आमच्या ध्यानात आला. नाना रागावून म्हणाले, "मला बहिरा म्हणू नका, फोनचा आवाजच बारीक आहे." मग फोनला लावायला चांगला इअरफोन आणायचे ठरले. त्या शोधात जे कळले, ते घरी ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

आमचे घर सिन्नरला, रहदारीच्या रस्त्यालगत. नानांची नोकरीची वर्षे माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत, यंत्रांच्या धडधडाटात गेली. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि दिवसाचा बराच वेळ त्यांना रेडिओ, अभंग आणि कीर्तन लागते. नातवाने बिनतारी इअरफोन सुचवला होता, परंतु रोज चार्जिंग करायचे, तो फोनशी जोडायचा आणि शेंगदाण्याएवढी वस्तू थरथरत्या बोटांनी डबीतून काढायची, हे त्यांना जमणारे नव्हते. शिवाय ज्या फोनमध्ये एफएम रेडिओ असतो, त्यात इअरफोनची तारच अँटेनाचे काम करते. तार खोचल्याशिवाय आकाशवाणीचे नाशिक केंद्र लागणार नाही, हे एकच कारण नानांना पुरेसे होते.

बाजारपेठेत सगळ्यालाच 'हेडफोन' म्हणतात, पण त्यात तीन जाती दिसल्या. पहिला कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा, चपट्या बोंडाचा. दुसरा रबरी टोपीचा, कानाच्या नळीत थोडा शिरणारा. तिसऱ्याला 'इन-इअर मॉनिटर' म्हणतात. तो मुळात रंगमंचावरच्या गायक-वादकांसाठी. भोवती ढोल आणि भोंगे वाजत असताना स्वतःचा सूर नीट ऐकू यावा म्हणून तो कानाची नळी घट्ट मिटतो आणि त्याची तार कानावरून मागे वळवून घेतात. आता हा प्रकार हजार-दोन हजार रुपयांतही मिळतो. दुकानदाराने मात्र सर्वांत जास्त कौतुक केले ते 'दणदणीत बास' असलेल्या इअरफोनचे.

तो दणदणाट ज्येष्ठांच्या कामाचा नाही. वाढत्या वयात कानाच्या आतील सूक्ष्म पेशी झिजतात आणि आधी उंच पट्टीचे ध्वनी हरवतात. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असल्याने ऐकू येतात. स, श, त, फ यांसारखी व्यंजने मात्र पुसट होतात. 'स'ची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते आणि कारखान्यातील गोंगाटाने कानाचे पहिले नुकसान होते तेही साधारण त्याच पट्टीत. म्हणून "आवाज येतो, पण शब्द कळत नाही" ही तक्रार अगदी खरी असते. त्यात खालच्या पट्टीचा मोठा ध्वनी वरच्या पट्टीच्या ध्वनींना झाकून टाकतो. बास वाढवला की अभंगातला पखवाज घुमतो, पण टाळ आणि शब्द दोन्ही बुडतात. झिजलेल्या कानाची आणखी एक अडचण असते. हळू आवाज पोहोचत नाही आणि जरा मोठा केला की तो सहन होत नाही. "जोराने बोल" आणि लगेच "ओरडू नकोस" असे म्हणणारे वडीलधारे हट्टी नसतात, त्यांच्या कानाची सोसण्याची मर्यादा अरुंद झालेली असते.

म्हणून इअरफोनची परीक्षा एकाच प्रश्नावर करावी, असे माझे मत झाले: कमीत कमी आवाजात जास्तीत जास्त शब्द कोणता कळवतो?

आम्ही तिन्ही जातींचे एकेक नग जमवले. एक घरचा, एक नातवाचा आणि एक विकत आणलेला. नातीच्या आवाजात फोनवर वीस शब्द ध्वनिमुद्रित केले: सहा, दहा, सात, साठ, आठ, आणि साल, ताल, काल, गाल असे एकमेकांशी जुळणारे. प्रत्येक इअरफोन लावल्यावर नानांना सोयीचा वाटेल एवढाच आवाज आधी ठेवला. ही पायरी गाळू नये, कारण एकाच खुणेवर फोन ठेवला तरी प्रत्येक इअरफोन कमी-जास्त मोठा वाजतो आणि जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला भासतो. मग शब्द क्रम बदलून ऐकवले आणि नानांनी ते उच्चारून दाखवले. पंखा चालू ठेवला, रस्त्याकडची खिडकीही उघडी ठेवली. शांत खोलीत कोणताही इअरफोन शहाणा ठरतो.

चपट्या बोंडाला आवाजाची पट्टी जवळजवळ शेवटपर्यंत न्यावी लागली, तरी सहा-दहाची गल्लत झालीच. कानाची नळी मिटणारा मॉनिटर पट्टीच्या निम्म्यावर पुरला आणि शब्दही जास्त जुळले. तो आवाज वाढवत नाही, बाहेरचा गोंगाट अडवतो. हा फरक छोटा समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांना ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित असतो आणि ९० डेसिबलचा केवळ ४ तास. फोनचा आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांपेक्षा खाली ठेवावा, असाही तिचा सल्ला आहे. दिवसभर रेडिओ ऐकणाऱ्या माणसाने शेवटच्या खुणेवर इअरफोन लावला, तर उरलेली श्रवणशक्तीही त्यात खर्ची पडते.

डब्यावर छापलेल्या १६ किंवा ३२ ओहमच्या आकड्यांची चिंता करू नये, साध्या फोनवर दोन्ही चालतात. आपल्या फोनला गोल पिन लागते की सी-टाइप, एवढे मात्र पाहून घ्यावे.

आता सोयीविषयी, कारण कानात टोचणारा इअरफोन कितीही गोड वाजला तरी चार दिवसांत खुंटीवर जातो. वयानुसार कानाची पाळी मोठी आणि सैल होत जाते. १९९५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका डॉक्टरांनी प्रौढ रुग्णांचे कान मोजून ही वाढ वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर असल्याचे नोंदवले होते. (नानांनी हे ऐकून लगेच आरसा मागितला.) कानाच्या नळीची त्वचाही कोरडी आणि नाजूक होते. डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा रबरी टोप्या येतात. त्या तिन्ही लावून पाहाव्यात. दोन कानांना दोन मापे लागली तरी त्यात नवल नाही. विरुद्ध हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढली की नळी सरळ होते आणि टोपी अलगद बसते. खांदा आखडलेला असेल तर हे काम घरच्यांनी करावे. टोपी नीट बसली की स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो. काहींना ते अजिबात आवडत नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे. मऊ फोमच्या टोप्या कमी टोचतात, पण त्या घाम आणि मळ धरतात, म्हणून मला त्या पसंत पडल्या नाहीत.

दुकानात दोन मिनिटे लावून सोय कळत नाही. घरी वीस मिनिटे लावून बसावे, बोलावे, काहीतरी चावून पाहावे. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. कवळी वापरणाऱ्यांनी ती लावूनच ही परीक्षा करावी. चष्म्याची काडी आणि कानावरून जाणारी तार एकमेकींना भिडतात. नानांनी आधी तार आणि वरून चष्मा असा क्रम लावून घेतला. तार सदऱ्याला घासली की कानात खरखर होते, तिला सदऱ्याच्या गुंडीजवळ चिमटा लावल्यावर ती थांबली. डावे-उजवे ओळखण्याची अक्षरे मुंगीएवढी असतात, म्हणून मी उजव्या बाजूला लाल दोरा बांधला.

या खटाटोपात खरा शोध वेगळाच लागला. तिन्ही इअरफोनवर नाना म्हणत होते, "डावीकडे कमी येतो." मी इअरफोनच्या बाजू उलट केल्या, डाव्याचा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे. तरीही कमी डाव्याच कानात. म्हणजे दोष वस्तूत नव्हता. नाशिकच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पाहिले तर त्या कानात मळाचा घट्ट बोळा होता. तो काढल्यावर श्रवणचाचणी झाली. दोन्ही कानांचा आलेख उंच पट्टीकडे उतरणीला लागलेला होता, जसा वयाने आणि यंत्रांच्या आवाजाने होतो. इअरफोन पुनःपुन्हा खोचल्याने मळ आत ढकलला जातो, हेही तेव्हा कळले. कानात काडी किंवा गरम तेल घालू नये. एका कानाचे ऐकणे अचानक गेले, तर मळ असेल म्हणून थांबू नये. तातडीने डॉक्टर गाठावेत, कारण अशा वेळी उपचाराची संधी थोडीच असते.

आणखी दोन-तीन गोष्टी. इअरफोनमध्ये लोहचुंबक असते. पेसमेकर बसवलेल्यांनी तो गळ्यात लोंबकळत ठेवू नये किंवा छातीवरच्या खिशात टाकू नये; अगदी ३ सेंटिमीटरच्या आत आल्यास पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो, म्हणून वीतभर अंतर बरे. मधुमेही ज्येष्ठांच्या कानाच्या नळीला ओरखडा पडून झालेला संसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. कान दुखला किंवा वाहू लागला तर इअरफोन तात्काळ बंद. कानात इअरफोन घालून झोपू नये आणि काठी घेऊन चालताना तो काढून ठेवावा. तार दाराच्या कडीत अडकते आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलचा आवाजही कळत नाही.

फोनच्या 'ॲक्सेसिबिलिटी' विभागात 'मोनो ऑडिओ' नावाची सोय असते. ती चालू केली की दोन्ही कानांत सारखाच आवाज येतो आणि एका बाजूचे शब्द निसटत नाहीत. मात्र फोनवरील संभाषणाकडून फार अपेक्षा ठेवू नये. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचे ध्वनी पाठवलेच जात नाहीत. 'स' वाटेतच गळतो आणि महागातला महाग इअरफोन तो परत आणू शकत नाही. नानांच्या सहा-दहामागे कान आणि फोन दोघांचाही हात होता. आता औषधाची वेळ आम्ही फोनवर ऐकून थांबत नाही. नाना ती उलट म्हणून दाखवतात, "रात्री दहा, झोपताना", आणि मी ती कागदावर लिहिते.

तज्ज्ञांनी नानांना श्रवणयंत्र सुचवले. इअरफोन सगळेच ध्वनी सारखे वाढवतो, श्रवणयंत्र त्या माणसाच्या आलेखाप्रमाणे हरवलेल्या पट्ट्या वाढवते, म्हणून एकाची जागा दुसरा घेत नाही. उत्पन्न मर्यादित असलेल्या कुटुंबांनी मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी करावी. २०२४ साली सुरू झालेल्या या योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या पात्र ज्येष्ठांना श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी ३,००० रुपयांपर्यंत मदत मिळते.

नानांनी महिनाभर कुरकुर करून यंत्र स्वीकारले. दिवसा आमच्याशी बोलताना ते कानात असते. संध्याकाळी ते डबीत जाते आणि लाल दोऱ्याचा इअरफोन खिळ्यावरून खाली येतो. त्याच्या रबरी टोप्या मी दर रविवारी साबणाच्या पाण्यात धुऊन खिडकीत वाळवते. पूर्ण वाळल्याशिवाय त्या परत लावू द्यायच्या नाहीत, यावरून आमचा अजूनही वाद होतो, कारण रविवारी संध्याकाळी त्यांना कीर्तन ऐकायचे असते.