कांचेच्या समुद्रांतील हरळी

पाहुण्याचें स्वागत करतांना त्याच्या वळकटींतून आणखी कोण घरांत शिरलें, हें कोणी पाहत नाहीं. तें कळतें कांहीं दिवसांनीं, रात्रीं अंग खाजूं लागल्यावर! दिंडोशीच्या आमच्या घरीं असाच एक आगंतुक दोन वर्षांपूर्वीं शिरला. मात्र तो अंथरुणांत नव्हे, तर दिवाणखान्यांतील खाऱ्या पाण्याच्या कांचपेटींत. त्याला हुसकून लावतांना आम्हांस जें शिकावें लागलें, तें ज्यांच्या घरीं अशी पेटी आहे, किंवा मुलांच्या हट्टाखातर उद्यां येणार आहे, अशा कुटुंबांस उपयोगी पडेल असें वाटतें.

ओहोटीच्या वेळीं हाजी अलीच्या खडकांवर हिंडलेल्यांनीं समुद्रपुष्पें पाहिलीं असतील. नांव फुलाचें असलें तरी हा प्राणी आहे. मध्यभागीं तोंड, भोंवतीं शुंडकांचें कडें, आणि त्या शुंडकांवर विषारी दंशपेशी. प्रवाळाचा हा चुलतभाऊच म्हणावयाचा. समुद्राच्या विस्तारांत भाऊबंदांचें कसेंबसें निभतें. चार फुटांच्या पेटींत तें कोठून निभणार?

पेटी मांडली ती माझ्या पुतण्यानें. शुद्ध केलेल्या पाण्यांत दर लिटरला सुमारें ३५ ग्रॅम समुद्री मीठ, उष्णमान २५ ते २६ अंश, चार लहान मासे आणि कांहीं मऊ प्रवाळें, असा त्याचा संसार. खडक बांधणारीं टणक प्रवाळें त्यानें मुद्दाम घेतलीं नाहींत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं तीं २००१ सालापासून संरक्षित आहेत. दुकानांत मांडलेलीं दिसलीं म्हणून तीं घरीं आणणें निर्दोष ठरत नाहीं. एवढी काळजी घेऊनही एका मऊ प्रवाळाच्या तळच्या दगडाला चिकटून मोहरीएवढा एक तपकिरी ठिपका आमच्या घरीं आला. महिन्याभरांत त्याला माडासारखा शेंडा फुटला. मुलांना कौतुक वाटलें, घरांतल्या बायकांना तें नाजूक रोप वाटलें. पुढें शेजारचें प्रवाळ मिटूं लागलें, तेव्हां आमचे डोळे उघडले. हें ‘ऐप्टेशिया’ नांवाचें समुद्रपुष्प. जगभरच्या प्रवाळपेट्यांतील हें सर्वांत कुप्रसिद्ध तण होय.

पुतण्यानें तरुण मनुष्य करील तेंच केलें. चाकू घेऊन दिसलेलीं तिन्ही समुद्रपुष्पें खरवडून काढलीं. पुढल्या महिन्यांत मोजलीं तों तीसांवर! मातोश्री जवळच बसून हें पाहत होत्या. त्यांचें लहानपण कोंकणांत गेलेलें. त्या म्हणाल्या, “अरे बाळ, ही तर हरळी. विळ्यानें कापलीस तर जेवढे तुकडे तेवढ्या काड्या रुजतील.”

मातोश्रींनीं शास्त्र वाचलेलें नाहीं. पण त्यांचें बोलणें शास्त्रास अगदीं धरून होतें. ऐप्टेशियाच्या तळव्याचा बारीकसा तुकडा दगडावर राहिला तरी त्यापासून कांहीं दिवसांत पूर्ण प्राणी तयार होतो. किंबहुना, कोणी न कापतांही चालतां चालतां तो स्वतःच असे तुकडे मागें टाकीत जातो. त्याच्या शरीरांत सूक्ष्म शैवाळ राहतें व तें प्रकाशावर अन्न तयार करून धन्यास देतें. म्हणून त्याला उपाशी मारणेंही सोपें नाहीं. स्पर्श होतांच तो दगडाच्या भोंकांत दडी मारतो. तेव्हां पहिला नियम असा कीं, कापूं नये, खरवडूं नये, चिरडूं नये.

मग करावें काय? पहिला उपाय चुन्याचा. मातोश्रींच्या पानाच्या डबींतला चुना मात्र चालत नाहीं, कारण त्यांत आणखी काय मिसळलें असेल याचा भरंवसा नसतो. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड थोड्या पाण्यांत कालवून ताकाहून दाट, श्रीखंडाहून पातळ करावी व बोथट पिचकारींत भरावी. पेटींतील पाण्याचा प्रवाह बंद करून, समुद्रपुष्प उमललेलें असतांना, त्याला धक्का न लावतां तोंडावर हा लेप सोडावा आणि सर्व अंग झांकावें. पंधरा मिनिटांनीं प्रवाह सुरू करावा. एका वेळीं चार-पांचांहून अधिक घेऊं नयेत, कारण चुन्यानें पाण्याचा क्षारधर्म एकदम चढून मासे दगावतात. हातांत रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा हवाच. चुना डोळ्यांत गेला तर दृष्टीस अपाय होतो.

दुसरा उपाय निसर्गाचा. लाल उभ्या रेघांची ‘पेपरमिंट’ कोळंबी ऐप्टेशिया खाते. घेतांना मात्र पाठीवर कुबड व अंगावर पांढऱ्या रेघा असलेली तिची बहीण घरीं येऊं देऊं नये, ती प्रवाळेंच खाते. ‘बर्घिया’ नांवाची चिमुकली समुद्री गोगलगाय तर ऐप्टेशियावांचून दुसरें कांहीं खातच नाहीं. शत्रूच्या दंशपेशी गिळून त्या ती आपल्या पाठीवरील कल्ल्यांत शस्त्रासारख्या साठविते! तिला काम उरकण्यास महिने लागतात, आणि काम संपलें कीं तीच उपाशी मरते. म्हणून ती वेळीच दुसऱ्या गरजूस द्यावी.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त, आणि एकत्र कुटुंबांत सर्वांत कठीण. आमच्या घरीं माशांना सकाळीं पुतण्या, दुपारीं मातोश्री आणि संध्याकाळीं मुलें खाऊं घालीत. उरलेलें अन्न तळाशीं जाई, आणि त्यावर हा आगंतुक पोसे. आतां भिंतीवर एक कागद लावला आहे; ज्यानें खाऊं घातलें त्यानें त्यावर खूण करावयाची.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. वैतागून दगड बाहेर काढून स्वयंपाकघरांत उकळण्याचा मोह कित्येकांना होतो. तो कधींही करूं नये. गुंडीसारख्या दिसणाऱ्या कांहीं प्रवाळांत अत्यंत जहाल विष असतें व तें वाफेबरोबर श्वासांत जातें. २०१८ सालीं इंग्लंडांतील ऑक्सफर्डशायरमध्यें पेटींतील प्रवाळ साफ करतांना हें विष पसरून एक सबंध कुटुंब इस्पितळांत दाखल झालें. लहान मुलें व वृद्ध माणसें असलेल्या घरांत तर याची फारच जपणूक हवी. पेटींतील पाणी वा दगडही मालाडच्या खाडींत टाकूं नयेत. परका जीव तेथें मोकळा सोडणें बरें नव्हे.

आठ महिन्यांनीं आमची पेटी बरीचशी निर्मळ झाली. मिटलेल्या प्रवाळांपैकीं एक गेलें, बाकीचीं पुन्हां उमललीं. मौज अशी कीं, आमच्या घरचें हें तण शास्त्रज्ञांना मोठें मोलाचें वाटतें. अंगांतलें शैवाळ गमावून पुन्हां मिळविण्याची शक्ति त्याच्यांत असल्यामुळें, तापलेल्या समुद्रांत प्रवाळें पांढरीं कां पडतात, याचा अभ्यास त्याच्यावरच चालतो. २०१५ सालीं त्याची संपूर्ण जनुकमालाही प्रसिद्ध झाली. हें ऐकल्यापासून पुतण्यानें एका निराळ्या लहान बरणींत दोन ऐप्टेशिया राखून ठेवलीं आहेत. त्या बरणीची पिचकारी वेगळी, फडकेंही वेगळें. मातोश्री रोज सकाळीं चष्मा लावून तीं मोजतात. आजच्या सकाळीं तीं पांच झालीं होतीं.