माळ पडीक नाही

'पडीक' हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. ज्या जमिनीत नांगर फिरत नाही ती पडीक, आणि ज्या माणसाच्या हाताला काम दिसत नाही तोही पडीक. उमेदीची सारी वर्षे कामगार चळवळीत घालविलेल्या आमच्यासारख्यांची या शब्दाशी जुनी ओळख आहे. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही तो काही कामच करीत नाही, असे समजण्याची कागदोपत्री रीत असते. महाराष्ट्रातील माळरानांचे नेमके हेच झाले आहे. सातबाऱ्यावर पीक नाही, वर दाट झाडीही नाही. तेव्हा ही जमीन रिकामी, असा निकाल कधीच लागून गेला आहे. हा निकाल चुकीचा कसा आणि तो फिरविण्यासाठी काय केले पाहिजे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम माळ म्हणजे काय ते पाहू. जेथे जमिनीवर गवताचे अखंड आच्छादन असते आणि झाडे विरळ, परस्परांपासून अंतर राखून उभी असतात, त्या प्रदेशाला भूगोलाच्या पुस्तकात 'सॅव्हाना' म्हणतात. सिंह-जिराफांची चित्रे पाहून हा काही आफ्रिकेतला प्रकार असावा असे आपणांस वाटते. परंतु सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे निघावे. जेजुरी, बारामती, इंदापूर, मोहोळ या वाटेने दिसतो तो माळ म्हणजे सॅव्हानाच. बोर, बाभूळ, हिवर, खैर ही तिची झाडे; पवना, मारवेल, कुसळी ही तिची गवते. आणखी पूर्वेकडे विदर्भात पाऊस वाढतो तशी झाडे दाटत जातात आणि साग, धावडा, सालई, मोह, तेंदू यांची पानझडीची जंगले लागतात. माळ आणि हे जंगल ही एकाच घरची भावंडे आहेत. दोघांच्याही वाट्याला चार महिने पाणी आणि आठ महिने तहान.

उन्हाळ्यात माळ मेलेला दिसतो. परंतु गवताचा खरा संसार जमिनीखाली असतो. वर्षानुवर्षे टिकणाऱ्या गवताचा कोंब मातीच्या पृष्ठभागाशी किंवा त्याखाली सुरक्षित राहतो. वरची पात गुरांनी खाल्ली, विळ्याने कापली अथवा आगीत जळली, तरी पहिल्या पावसासरशी ते पुन्हा फुटते. तेंदू, पळस यांचेही तसेच. खोड जळाले तरी खुंटातून व मुळांतून धुमारे येतात. म्हणूनच हवेतून शोषलेल्या कार्बनचा माळावरील मोठा साठा लाकडात नसून मातीत असतो आणि तेथे तो वणव्यापासून सुरक्षित असतो. झाड आणि गवत यांच्यातील तंट्यात येथे पंच तीन आहेत: पाऊस, आग आणि चराई. तिघांनी आपापले काम केले तर दोन्ही पक्ष नांदतात. एकाला हाकलले तर तोल जातो.

यावर कोणी म्हणेल, पूर्वी येथे निबिड अरण्यच होते, माणसाने ते तोडले म्हणून माळ झाला. काही ठिकाणी हे खरे आहे. सर्वत्र मात्र नाही. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक टेकड्यांतील प्राचीन माती व प्राण्यांचे दात तपासले असता, ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच आपल्या भूमीत गवताळ प्रदेश पसरल्याचे दिसून येते. त्या वेळी कुऱ्हाड कोणाच्या हाती होती? आपल्याकडचा पुरावा तर आपल्याच भाषेत आहे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्राशी निगडित असलेल्या, तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांत, गीतांत व लोककथांत कोणकोणती रानटी झाडे-झुडपे येतात, हे त्यांनी तपासले. त्यांतील बहुसंख्य नावे उघड्या माळावर वाढणाऱ्या वनस्पतींची निघाली. म्हणजे आपल्या संतांनी आणि धनगरांनी जो मुलूख पाहिला तो मुख्यतः माळच होता.

मग माळाला 'पडीक' कोणी केले? इंग्रज सरकारला जमिनीतून दोन गोष्टी हव्या होत्या: शेतसारा आणि जहाजांना व रेल्वेला लाकूड. जी जमीन दोन्ही देत नाही ती त्यांच्या हिशेबी वाया गेलेली. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी राने सरकारच्या ताब्यात गेली. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात, वनखात्याने डोंगर व गायराने गिळल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांना चरावयास जागा उरली नाही, हे गाऱ्हाणे मांडले आहे. स्वराज्य आले, पण रकाना तोच राहिला. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात आजही झुडपी माळ मोडतात.

शब्द चुकला की उपायही चुकतो. पडीक म्हटले की ती 'सुधारावी' असे वाटते. २०१६ ते २०१९ या वर्षांत महाराष्ट्रात एकूण ५० कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडण्यात आला. हेतू चांगला होता आणि आम्ही काही झाडांचे वैरी नाही. परंतु इतक्या झाडांना जागा कोठली? जी रिकामी दिसते ती. पुणे, सोलापूरकडच्या माळांवर चर खणून गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली गेली. भर उन्हात वाढणारे गवत दाट सावलीखाली जगत नाही; ते गेले की मेंढराचा चारा गेला, काळविटाचे आणि लांडग्याचेही घर गेले.

माळढोक पक्ष्याची हकिकत तर सर्वांना ठाऊक असावी अशी आहे. सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली त्याच्यासाठी सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. ते एवढे विस्तीर्ण होते की गावे, शेते, रस्ते सारे त्यात आले. त्यामुळे लोकांना निर्बंधांचा जाच झाला. पुढे ते सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणावे लागले. मधल्या काळात माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. वर्षाकाठी बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालणारा हा पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. नकाशावर रेघ ओढल्याने रान राखले जात नाही, हा यातला धडा.

आता चराई आणि आग या दोन आरोपींकडे वळू. अति चराईने माळ बिघडतो, हे निर्विवाद आहे. पवना-मारवेल यांसारखी गोड गवते आधी संपतात, मागे कुसळी उरते आणि शेवटी गुरे तोंड न लावणारा तरोटा. पण म्हणून चराई कायमची बंद करणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास जुने वाळके गवत साचून नव्या फुटीला गुदमरविते आणि वणव्याला सरपण मिळते. धनगराचा वाडा पावसाळ्यात माळावर आणि दिवाळीनंतर कोकणाकडे, अशी जी चाल होती, तिच्यात माळाला विसावा आपोआप मिळत असे. वाटेत शेतात मेंढरे बसवून शेतकऱ्याला खतही मिळे. ही चाल म्हणजेच एक व्यवस्थापन होते. मात्र ते कोणी त्या नावाने ओळखले नाही.

आगीचेही तसेच आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातील अर्नहेम लँड या प्रदेशात तेथील आदिवासी कोरड्या हंगामाच्या आरंभी, गवत पुरते वाळण्याआधी, छोट्या-छोट्या आगी लावीत फिरतात. त्यामुळे हंगामाच्या अखेरचे प्रचंड वणवे घटले. धूर कमी झाल्याच्या मोबदल्यात एका वायू कंपनीने या कामाचे पैसे देण्याचा करार केला आणि २००६ पासून जुन्या ज्ञानाला रोख मजुरी मिळू लागली. आपल्याकडे मात्र पुष्कळ आगी लागतात त्या भर उन्हाळ्यात, आणि त्यांतील काही तेंदूपानासाठी. झुडूप छाटले किंवा जाळले म्हणजे विडीला हवे तसे कोवळे, मऊ पान येते. ७० पानांचा एक पुडा आणि अशा १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, या हिशेबाने मजुरी ठरते. पोटासाठी पान खुडणाऱ्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. पण दरवर्षीच्या आगीने रोपे मरतात हेही खरे. या पेचातून वाट काढली ती गावानेच. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ साली सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेव्हा ग्रामसभेने, छाटणी व आगी थांबाव्यात म्हणून, तेंदूपानाचे उत्पन्न आपण होऊन सोडले आणि बांबूवर भर दिला. हे वरून हुकूम देऊन झाले असते काय? मालकी आली तेव्हा जबाबदारी आली.

हा हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला त्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवर हक्क मिळाला. फिरस्त्या पशुपालकांचा चराईचा हक्कही या कायद्यात आहे. परंतु जे अनुसूचित जमातींत मोडत नाहीत त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. महाराष्ट्रातील धनगर यांतच येतो. ज्याचे घर घोड्याच्या पाठीवर, त्याने पाऊणशे वर्षांचे कागद कोठून आणावेत?

विडी कामगार स्त्रियांत काम करताना हाच प्रश्न आम्ही दुसऱ्या रूपात पाहिला आहे. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला १९६६ च्या कायद्याने कामगार मानले. तरीही एका कारखानदाराने, कार्डावर नोंद नाही म्हणून, वीस वर्षे राबलेल्या बायांना 'या आमच्या कामगारच नव्हेत' असे सांगितले. तेव्हा शेजाऱ्यांच्या साक्षी, जुन्या पिशव्यांवरचे आकडे, जे मिळेल ते गोळा करावे लागले. धनगराच्या वाड्यासाठीही असाच पुरावा जमवता येईल. वाटेवरच्या गावांच्या साक्षी आहेत, दंडाच्या जुन्या पावत्या आहेत. चराईचा दंड भरल्याची पावती हा तेथे चराई होत होती याचाच पुरावा नव्हे काय? त्यासाठी संघटना हवी, आणि लिहितावाचता येणाऱ्या शहरवासीयांचा हातभार हवा.

तेव्हा करावयाचे काय? माळाची नोंद 'पडीक' या रकान्यातून काढून गवताळ प्रदेश म्हणून स्वतंत्र करावी. मूळच्या माळावर झाडांची लागवड करू नये. झाडे लावावयाची तर जेथे जंगल तुटले तेथे, आणि तेथलीच. वेडी बाभूळ व घाणेरी उपटण्याचे काम मजुरी देऊन गावाला द्यावे. चराई पाळीपाळीने व्हावी, गवत बी झडल्यावर कापावे, जाळरेषा उन्हाळ्यापूर्वी काढाव्यात आणि या सर्वांचे वेळापत्रक ग्रामसभा व मेंढपाळ यांनी मिळून ठरवावे. वनखात्याने सल्ला व साहाय्य द्यावे.

आपण शहरातली माणसे येथे एक गोष्ट खचित करू शकतो. येत्या पावसाळ्यात आपली शाळा, मंडळ किंवा कचेरी वृक्षारोपणास निघेल. तेव्हा खड्डा खणण्यापूर्वी एवढे विचारावे: येथे आधी काय होते, आणि त्यावर कोणाचे पोट होते? उत्तर देणारा बहुधा जवळच, मेंढरांमागे उभा असतो.