लहान खोक्यातले अवकाशयान

कोजागिरीच्या रात्री पेडण्याची पुनव भरते. देवदर्शन आटोपले की मुलांचे पाय आपोआप खेळण्यांच्या दुकानांकडे वळतात. माझ्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या सुमारास, त्या दुकानांत सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी, फुगे, शिट्ट्या, भिरभिरी असा माल असे. अवकाशयान नसे. चंद्र पूर्ण डोक्यावर आलेला असे, पण चंद्रावर जाण्याचे साधन बाजारात मिळत नसे.

सावंतवाडीची खेळणी सुंदर असतात यात शंका नाही. या अंकाच्या कन्नड विभागातील वाचकांना चन्नपट्टणची लाखकाम केलेली खेळणी ठाऊक असतील. तीही तशीच सुबक. परंतु ही खेळणी कारागिराच्या हातून पूर्ण होऊनच आपल्याकडे येतात. घोडा घोडाच राहतो. याहून वेगळा प्रकार म्हणजे जुळणीचे खेळणे. त्याचे नुसते तुकडे हाती येतात आणि वस्तू मुलाने करावयाची असते. अशा खेळण्यांतील एका छोट्या शाखेविषयी, म्हणजे अवकाशकथेतील वाहने व माणसे जुळविण्याच्या लहान, स्वस्त संचांविषयी, आज जगभर मोठी हुरहूर दिसून येते. पन्नाशीला टेकलेली माणसे वीसबावीस प्लास्टिकच्या तुकड्यांसाठी भारी किंमत मोजतात. ती असे का करतात, आणि त्यातून आपण काही शिकावे काय, एवढाच या लेखाचा विषय.

या संचांतील सर्वांत प्रसिद्ध संच लेगो कंपनीचे. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क ख्रिस्तियान्सेन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करावयास आरंभ केला. आजची एकमेकींत बसणारी प्लास्टिकची वीट २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदविण्यात आली. १९७८ मध्ये कंपनीने दोन गोष्टी बरोबरच बाजारात आणल्या: हातपाय हलविणारा बोटभर उंचीचा माणूस, आणि त्याला हिंडायला अवकाशाचे जग. या दोहोंमागे येन्स न्यूगोर क्नुदसेन या आराखडाकाराचा हात होता. ते २०२० मध्ये वारले. १९७९ मध्ये निघालेल्या मोठ्या यानात ३३८ तुकडे होते. पण त्याच सुमारास वीसएक तुकड्यांचे छोटे खोकेही निघाले. त्यांत एक अंतराळवीर, चार चाके, एखादा अँटेना आणि थोड्या विटा एवढाच ऐवज. मोठे यान तिकडेही वाढदिवसाला वर्षभर हट्ट धरून मिळे. छोटा खोका मात्र साठविलेल्या खाऊच्या पैशांत येई. त्यामुळे बहुसंख्य मुलांची अवकाशाशी ओळख या छोट्या खोक्यानेच झाली.

आपल्याकडे मात्र तो खाऊच्या पैशांतही येत नव्हता. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर तेव्हा कडक निर्बंध होते, आणि ते पूर्णपणे उठायला २००१ साल उजाडावे लागले. पण गोव्यातील अनेक घरांतले कोणी ना कोणी बोटीवर किंवा आखातात असे. माझे मामा बोटीवर होते. १९८४ च्या मे महिन्यात ते रजेवर आले, तेव्हा त्यांनी दोन सारखे खोके आणले: एक मला आणि एक डिचोलीच्या माझ्या मावसभावाला. महिन्याभरापूर्वीच, ३ एप्रिल रोजी, राकेश शर्मा सोयुझ टी-११ यानातून अवकाशात गेले होते. खोक्यातला पांढऱ्या पोशाखाचा माणूस हा आमच्या दृष्टीने राकेश शर्माच होता. त्याचे पुढे काय झाले ते नंतर सांगतो. आधी त्या विटेची रचना पाहू.

सर्वसाधारण विटेवर दोन ओळींत आठ गुंड्या असतात. दोन गुंड्यांच्या केंद्रांतील अंतर ८ मिलिमीटर, गुंडीचा व्यास ४.८ मिलिमीटर, आणि गुंडी सोडून विटेची उंची ९.६ मिलिमीटर. चपटी पट्टी ३.२ मिलिमीटर उंचीची, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की बरोबर एक वीट होते. विटेच्या पोटात पोकळ नळ्या असतात. खालच्या विटेची गुंडी वरच्या विटेची भिंत आणि नळी यांच्यामध्ये घट्ट बसते व घर्षणाने धरली जाते. गोंद नाही, स्क्रू नाही, तरी जोड सुटत नाही. आणि सोडवायचा म्हटला तर मुलाच्या बोटांनी सुटतो. यासाठी साच्यात फार काटेकोरपणा लागतो. आरंभीचे प्लास्टिक काळाने वाकडे होई, म्हणून १९६३ पासून एबीएस हे अधिक टिकाऊ प्लास्टिक वापरात आले. १९५८ च्या विटेवर आजची वीट बसते ती या काटेकोरपणामुळेच.

आठ गुंड्यांच्या सारख्या रंगाच्या दोन विटा २४ प्रकारांनी जोडता येतात. तीन विटा १,०६० प्रकारांनी. आणि सहा विटा? कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने मोजलेले उत्तर आहे ९१,५१,०३,७६५. सहा विटांतून एक्याण्णव कोटींहून अधिक रचना! वीस तुकड्यांचा खोका लहान कसा म्हणावा? त्याच्या वेष्टनावर चित्र एका गाडीचे असे. पण ती गाडी म्हणजे असंख्य शक्यतांपैकी एक. छोट्या संचाचे बळ नेमके येथे आहे. मोठे यान एकदा जुळले की ते मोडवत नाही. त्यामागे चार तासांचे श्रम असतात. छोटी गाडी पाच मिनिटांत होते, म्हणून ती पाच मिनिटांत मोडावीशीही वाटते. आणि तुकडे अपुरे पडले की उरलेले यान कल्पनेने पुरे करावे लागते.

आता संग्राहकांकडे वळू. त्यांच्या पारखण्याच्या रीती ऐकण्याजोग्या आहेत. अंतराळवीराच्या छातीवर ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानाचे सोनेरी चिन्ह छापलेले असे. खेळून खेळून ते पुसले जाई. शिरस्त्राणाचा हनुवटीजवळचा भाग इतका बारीक असे, की तो हटकून तडके. पुढे कंपनीने तो जाड केला. पण हा दोष लोकांच्या मनात असा बसला, की २०१४ मध्ये आलेल्या लेगोवरील चित्रपटातील निळ्या अंतराळवीराचे शिरस्त्राण मुद्दाम तडकलेले दाखविले आहे. ऊन लागून पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात; त्या उजळण्यासाठी काही संग्राहक हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. पुठ्ठ्याचा खोका शाबूत असेल तर भाव आणखी चढतो. आपल्या पावसात आणि वाळवीत पुठ्ठा चाळीस वर्षे टिकणे किती कठीण, हे गोवेकरांना सांगावयास नको.

भाव किती चढतो? मॉस्कोच्या एका विद्यापीठातील अभ्यासकांनी १९८७ ते २०१५ या काळातील, उत्पादन थांबलेल्या लेगो संचांच्या फेरविक्रीच्या किमती तपासल्या. त्यांना सरासरी वाढ वर्षाला सुमारे ११ टक्के आढळली. विशेष म्हणजे मधल्या आकाराच्या संचांपेक्षा अगदी मोठे व अगदी छोटे संच अधिक वेगाने महागले. म्हणजे जो खोका गरीब मुलाच्या आवाक्यात असावा म्हणून काढला, तोच आता आवाक्याबाहेर गेला आहे. कंपनीलाही ही हुरहूर कळली. १९७९ च्या त्या यानाची नवी आवृत्ती तिने २०२२ मध्ये काढली. तीत १,२५४ तुकडे आहेत. गिऱ्हाईक तेच, फक्त मिळवते झालेले.

येथे एक विसंगती ध्यानात येते. न उघडलेल्या खोक्याला सर्वांत जास्त किंमत मिळते. परंतु संग्राहकाला हुरहूर लागते ती उघडलेल्या खोक्याची. न खेळलेल्या खेळण्याची आठवण कोणाला असणार?

माझ्या बाबतीत ही गोष्ट केवळ तर्काची नाही. माझा खोका आल्या रात्रीच फुटला. सुट्टीत मावशीकडे गेलो की दुरून खाणीचे तांबडे, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर दिसत. तो परका ग्रह असल्याची माझी खात्रीच होती, आणि घरामागच्या तांबड्या मातीच्या ढिगावर माझी गाडी उतरत असे. तिचे एक चाक तेथेच कुठे गाडले गेले. माणसाचे शिरस्त्राण तडकले, छातीचे चिन्ह पुसले. मावसभावाचा खोका मात्र मावशीने शोकेसमध्ये ठेवून कुलूप लावले. "आत्ता मोडून टाकशील. मोठा झालास की खेळ," असे ती म्हणे. त्यात तिचा दोष नव्हता. परदेशची वस्तू पुन्हा मिळणार नव्हती. तो काचेला नाक लावून पाही आणि मग माझ्या मोडक्या गाडीशी खेळावयास येई.

गेल्या चतुर्थीला तो मुलीला घेऊन गावी आला होता. शोकेस तेथेच आहे, खोकाही. त्याने मोबाइलवर भाव पाहिला. आकडा चांगला होता. तेवढ्यात मुलीने विचारले, "बाबा, ह्याच्यात काय आहे?" तो क्षणभर थांबला. चाळीस वर्षे घरात असलेल्या वस्तूत काय आहे हे त्याला सांगता येईना. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "काकाला विचार." मी तिला चाकापासून अँटेनापर्यंत सारे सांगितले. खोका अद्याप बंदच आहे.

मग ज्यांचे मामा बोटीवर नव्हते त्यांचे काय? काही घरांत लोखंडी पट्ट्यांचे मेकॅनिक्स होते. त्याचे मूळ इंग्लंडच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या मेकॅनोत आहे. पण याहून स्वस्त उत्तर अरविंद गुप्ता यांनी दिले. आय.आय.टी. कानपूरचे हे अभियंते पुण्याला टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तेथे त्यांना काड्यापेटीतील काडी व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांचा संच सुचला. पुढे त्यावर त्यांचे पुस्तक निघाले.

रीत सोपी आहे. नळीचे दीडदोन सेंटिमीटरचे तुकडे कापावेत. काड्यांचे गूल खरवडून टाकावे. नळीच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी खुपसली की सांधा तयार. तीन काड्या व तीन सांधे यांचा त्रिकोण होतो. तो दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच कलतो. पुलाच्या आणि छपराच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे येथे बोटांनाच कळते. नळीला मधोमध सुईने भोक पाडून तिसरी काडी घातली की चतुष्फलक होतो. पाच काड्यांचे सांधे साधले की वीस त्रिकोणांचा गोलाकार घुमट, अवकाशकथांच्या मुखपृष्ठावर शोभेल असा.

हा योगायोगही पाहा. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी १९७४ मध्ये टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा लिहून मराठी विज्ञानकथेला नवे वळण देणारे डॉ. जयंत नारळीकर हेच पुण्याच्या आयुकाचे संस्थापक संचालक. त्याच आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्ता यांनी २००३ नंतर अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. विज्ञानकथा आणि स्वस्त जुळणीचे खेळणे यांची आपल्या भाषेच्या अंगणात गाठ पडली ती तेथे.

आयात खेळण्यांवरील जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली. तेव्हा परदेशी छोटा खोका डिचोलीच्या प्राथमिक शाळेतील मुलाला सहजी मिळेल असे नाही. काडी व नळी मात्र आजही मिळते. आमच्याकडे नरकासुर करण्यासाठी मुले आठवडाभर जागतात आणि पहाटे तो जाळून टाकतात. तो जपून ठेवावा असे कोणालाच वाटत नाही, कारण करण्यातच सारी मजा संपलेली असते. खेळण्याच्या बाबतीत हे शहाणपण आपल्याला नवे नाही.

पेडण्याच्या मोपा पठारावर २०२३ पासून खरी विमाने उतरू लागली आहेत. ती पाहून घरी परतलेल्या मुलाला तसेच काही करून पाहावेसे वाटेल. आपल्या विज्ञान मंडळाच्या विद्यार्थ्यांनी एका शनिवारी काड्यापेट्या आणि नळी घेऊन जवळच्या शाळेत जावे. मुलांनी केलेले घुमट संध्याकाळपर्यंत मोडतील. ते मोडू द्यावेत.