पित्त म्हणून सोडू नका
उसाच्या फडात नाहीतर चुलीपुढे दम लागतो, जबडा किंवा दोन खांद्यांमधली पाठ भरून येते, मळमळून गार घाम फुटतो. सातारा-सांगलीकडची बाई म्हणते, ‘पित्त खवळलंय.’ चिमूटभर ओवा चावते आणि उरलेल्या भाकऱ्या थापते. पण हा हार्ट अटॅकही असू शकतो. बायकांतही त्याचं मुख्य लक्षण छातीचं दुखणं हेच; पण कळच येते असं नाही, नुसता दाब किंवा जडपणाही असतो. मधुमेहात तर तोही जाणवेलच असं नाही. अशा वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावा, भाकऱ्या दुसरं कुणी थापेल. दुचाकीवर मधे बसवून नेणं नको. दवाखान्यात पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी हवा. तो नॉर्मल आला तरी ट्रोपोनिनची रक्ततपासणी विचारा. ती काही तासांनी पुन्हा करावी लागते.