परगावची पहाट

सुट्टी लागली आणि सामान बांधून माणसे गाडीत बसली, की वर्षभर पाळलेले नेम बहुधा स्टेशनावरच निरोप घेतात. पहाटे उठणारा आठाला उठतो, आणि रोज बागेला पाच फेऱ्या घालणारा गृहस्थ नातलगांच्या ओसरीवर तिसरा चहा घेत बसलेला दिसतो. सुट्टी म्हणजे नेमालाही सुट्टी, असाच पुष्कळांचा समज आहे आणि त्याला माझा सरसकट विरोध नाही. पहाटेचे धावणे तेवढे त्यातून वगळावे, इतकेच माझे मागणे आहे.

गाण्याच्या मास्तराने धावावे, हे वाचून काही जुन्या मंडळींना हसू येईल. आमच्या बडोद्यात गाणे आणि व्यायाम शेजारी शेजारी वाढले. एकीकडे मौलाबक्षांची १८८६ सालची गायनशाळा आणि पुढे उस्ताद फैयाजखाँ. दुसरीकडे जुम्मादादांचा आखाडा, त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव, आणि याच गावात तयार झालेले ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड. पण शेजार असला तरी जाणे-येणे असतेच असे नाही. निदान आमच्या घरी तरी नव्हते. घाम आला, वर वारा लागला, की आवाज बसलाच, अशी धास्ती. आमचे अण्णा राजवाड्याचे गवई. जन्मभर मांडी घालून बसले, मैफलीनंतर रात्री उशिरा जेवले, आणि उतारवयात मधुमेहाने त्यांच्या पायाची दोन बोटे काढावी लागली. माझ्या चाळिशीत रक्ततपासणीच्या कागदावर तोच आकडा सीमेला टेकला, आणि विलंबित ख्यालात सम यायच्या आधीच श्वास तोकडा पडू लागला. तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षे, मी विश्वामित्रीकाठच्या कमाटीबागेत पहाटे धावतो. धावून आल्यावर अर्धा तास श्वास शांत होऊ द्यावा आणि मग खर्ज लावावा. आवाज बसत नाही, ही ग्वाही मी स्वतःच्या गळ्यावरून देतो.

आता कोणी विचारील, आठ दिवस न धावल्याने असे काय बिघडते? दमाच्या दृष्टीने खरोखरच फारसे बिघडत नाही. आठ-दहा दिवसांच्या विश्रांतीने कमावलेला दम जवळजवळ तसाच राहतो. दोन आठवडे उलटले, की रक्तातला द्रवभाग घटून तो उतरणीला लागतो. साखरेचे गणित मात्र निराळे आहे. व्यायामाने स्नायूंना रक्तातली साखर ओढून घेण्याची जी जादा ताकद येते, ती दोन-तीन दिवसांतच ओसरते. आणि सुट्टीत तर रोज कोणाच्या तरी घरी श्रीखंड, आमरस, नाहीतर ‘एवढा एक लाडू घ्याच’. दम थांबायला तयार असतो, साखर नसते. माझ्यासारख्याला परगावी धावावे लागते ते यासाठी.

सवयीविषयी शास्त्रज्ञांनीही बरेच शोधले आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले, आणि मध्येच एखादा दिवस चुकल्याने काही विशेष बिघडले नाही. हे दिलासा देणारे आहे. त्याआधी, २००५ साली, अमेरिकेत एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आसपासची परिस्थिती बदलली, की व्यायाम आणि वर्तमानपत्र वाचण्यासारख्या जुन्या सवयीही विस्कटत. नव्या जागी ती पहिल्यासारखीच राहिली, तर टिकत. मला यात आपल्या रोजच्या अनुभवाचाच अर्थ सापडला. सवय आपल्या मनात थोडी आणि दाराच्या कडीत, जोड्यांच्या फळीत, बागेच्या फाटकात फार असते. परगावी या खुंट्याच नसतात, मग सवय टांगायची कोठे?

खुंटी बरोबर कशी न्यावी, हे मी अण्णांकडून शिकलो. ते स्वतः कधी पाच पावले धावले नसले तरी. कार्यक्रमासाठी किंवा लग्नकार्यासाठी परगावी गेलो, की मुक्काम कधी धर्मशाळेत, कधी कोणाच्या माडीवर. तंबोरा बरोबर असेच असे नाही. पण उजाडण्यापूर्वी अण्णा उठून, भिंतीकडे तोंड करून, अर्ध्या आवाजात खर्ज लावीत. घरी हा रियाज दीड तास चाले. मुक्कामी दहा-बारा मिनिटे. कमी झाला म्हणून त्यांना खंत नसे. वेळ तेवढी ते सोडीत नसत, आणि त्याआधी कोणाशी बोलत नसत. काय धरायचे आणि काय सोडायचे, याचा त्यांनी कायमचा निकाल लावून टाकला होता.

मीही तसाच लावला आहे. पहिला उजेड, चहाच्या आधी, उंबऱ्याबाहेर, एवढे धरायचे. अंतर, वेग, रस्ता हे सारे सोडायचे. घरी पाच किलोमीटर होत असतील, तर परगावी वीस मिनिटे पुरेत; रात्रीच्या गाडीने अंग आंबले असेल, तर नुसते चालणेही चालेल, पण पहिल्याच सकाळी बाहेर पडले पाहिजे. धावायचे जोडे पिशवीत सर्वांत वर ठेवावेत. दाराची कडी कशी काढायची, ते यजमानांना रात्रीच विचारून घ्यावे, नाहीतर पहाटे साऱ्या घराला जाग येते आणि दुसऱ्या दिवशी आपली हिंमत होत नाही. अनोळखी गल्लीत कुत्री अंगावर आली, तर धाव थांबवून, त्यांच्या डोळ्यांकडे न पाहता, सावकाश चालत पुढे जावे.

पहिला उजेड धरायचा, तर घड्याळावर विसंबून भागत नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही बनारसला गेलो. बडोद्याहून ते जवळजवळ दहा अंश पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे चाळीस मिनिटे तर येथेच झाली. शिवाय उन्हाळ्यात उत्तरेकडे सूर्य आणखी थोडा लवकर उगवतो. बडोद्यात सहाच्या सुमारास दिसणारा सूर्य तेथे सव्वापाचाच्या आसपास वर येतो, आणि घड्याळ मात्र देशभर एकच. निघण्यापूर्वी पंचांग पाहून मी साडेचाराचा गजर लावला, तेव्हा मुलांना ते अघोरी वाटले. पण त्या उन्हाळ्यात सहानंतर तेथे धावणे शक्यच नव्हते. भैरव हा संधिप्रकाशाचा राग घड्याळ पाहून गायचा नसतो, आकाश पाहून गायचा असतो, धावण्याचेही तेच. घाटांवर मात्र धावू नये. पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या आणि कोठे ओल्या असतात. अस्सीपासून दशाश्वमेधापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर झपझप चालावेत. धावायला हिंदू विश्वविद्यालयाचा आवार उत्तम. रुंद रस्ते, दुतर्फा जुनी झाडे. तेथल्या संगीत महाविद्यालयाचे पहिले प्रमुख पंडित ओंकारनाथ ठाकूर आमच्याच बडोदा संस्थानातल्या जहाज गावी जन्मलेले. त्या इमारतीवरून जाताना माझी धाव आपोआप मंदावली.

कोकणात सूर्यही पुरत नाही, चंद्राला विचारावे लागते. मालवणच्या किनाऱ्यावर पुळणीचा वरचा भाग भुसभुशीत. कोरड्या वाळूत धावायला कठीण जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट शक्ती लागते, हे मोजून पाहिलेले आहे. ओहोटीने मागे टाकलेली ओली, घट्ट वाळू हीच धावण्याजोगी. पण ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सोमवारी पहाटे साडेपाचाला ती मिळाली, तर पुढच्या सोमवारी त्या वेळी भरती असते. तेथल्या दर्यावर्दी मंडळींचा हिशेब तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता पाणी भरलेले. पौर्णिमा-अवसेला सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे पहाटे पुळण मोकळी. माझ्या मनगटावरचे घड्याळ पावले मोजते, नाडी मोजते, पण तिथी जाणत नाही! आणखी एक: पुळण समुद्राकडे उतरती असते, म्हणून एका पायावर ताण पडतो. गेलेल्या वाटेनेच परतावे, म्हणजे दोन्ही पायांचा हिशेब सारखा होतो. परतताना रापण ओढणाऱ्यांची रांग दिसते. साऱ्यांचे झोके एका लयीत. त्यांची सम चुकलेली मी अजून पाहिलेली नाही.

या साऱ्यात घरच्यांची सुट्टी खर्ची पडू नये, हे पथ्य मी कसोशीने पाळतो. नेमापायी बायकोमुलांना खोळंबून ठेवणाऱ्या माणसाचा नेम फार दिवस टिकत नाही, आणि टिकला तरी घरात कोणाला त्याचे प्रेम राहत नाही. मुले उठायच्या आत मी परत आलेला असतो. मालवणला सौ. एकदा आपण होऊन बरोबर आल्या, पाण्याच्या कडेने चालल्या, आणि घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ते रागाने नव्हे, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते. धाकट्याने आता स्वतःचे जोडे मागितले आहेत.

यंदा भाऊबीज आटोपून रात्रीच्या गाडीने पुन्हा मालवणलाच जायचे ठरते आहे. पोहोचू त्या दिवशी तृतीया. भरती सव्वादोनाची, म्हणजे उजाडताना पाणी बरेच मागे गेलेले असेल. पहिल्या दोन-तीन सकाळी पुळण, आणि षष्ठीपासून गावातला रस्ता, असे मी कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.