दांडा कापू नका, दुमडा

अमेरिकेत दोन मोटारींच्या गॅरेजची खोली बहुधा वीस फूट, म्हणजे जेमतेम ६.१ मीटर असते. सतरा-अठरा फुटी बोट ट्रेलरवर चढवली की पुढचा दांडा आणि मागचे इंजिन धरून एकूण लांबी सहज ६.६ मीटरवर जाते. तिथल्या अनेक वसाहतींत घरासमोर उघड्यावर बोट ठेवायला मनाई असते. त्यामुळे या अर्ध्या मीटरसाठी बोटमालक अडून बसतो आणि त्याचे लक्ष ट्रेलरच्या पुढच्या दांड्याकडे जाते. गाडीला जोडण्यापलीकडे त्या लोखंडाचा उपयोग दिसत नाही, तेव्हा साठ सेंटीमीटर कापून कपलर (गाडीच्या हुकावर बसणारा जोड) मागे घेतला तर काय बिघडले, असे त्याला वाटते. बरेच बिघडते. दांड्याच्या लांबीची गरज रस्त्यावर असते, तिची अडचण मात्र फक्त घरात होते. म्हणून ती लांबी कायमची काढून टाकण्यापेक्षा, ट्रेलर घरात असेल तेवढा वेळ ती बिजागरीवर बाजूला वळवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

हे थोड्या आकडेमोडीने पटेल. समजा, बोटीसह ट्रेलरचे वजन १००० किलो आहे, त्यातले ८०० किलो बोट आणि इंजिनाचे. कपलरपासून आसापर्यंतचे अंतर ५ मीटर, आणि एकूण वजनाचा गुरुत्वमध्य आसाच्या ०.४ मीटर पुढे. तरफेच्या नियमाने गाडीच्या हुकावर ८० किलो, म्हणजे आठ टक्के भार येतो. बोटींसाठी साधारण पाच ते दहा टक्के भार योग्य मानतात, तेव्हा हे ठीक आहे. आता दांडा ०.६ मीटरने कापला. भार ९१ किलो झाला, तोही चालण्याजोगा. पण बोटीचे नाक गाडीच्या इतके जवळ आले की वळणावर गाडीचा कोपरा त्याला घासणार. म्हणून मालक बोट ३० सेंटीमीटर मागे सरकवतो. गुरुत्वमध्य आसाच्या फक्त ०.१६ मीटर पुढे उरतो आणि हुकावरचा भार ३६ किलोंवर, चार टक्क्यांच्याही खाली येतो. शिवाय वाचवलेल्या साठपैकी तीस सेंटीमीटर मागच्या बाजूला परत गेले. जिथे इंजिनाचे वजन पडते तो बोटीचा मागचा भागही आधाराच्या फळ्यांबाहेर लोंबकळू लागला, आणि त्याने बोटीचा तळ कालांतराने वाकू शकतो.

हुकावरचा भार घटला की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो. एका ठरावीक वेगापलीकडे हे हेलकावे शमण्याऐवजी वाढत जातात आणि गाडीलाही सोबत ओढतात. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातील संशोधकांनी खऱ्या गाडीमागे ट्रेलर जोडून चाचण्या घेतल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, ट्रेलरच्या एकूण वजनापेक्षा ते वजन कुठे आणि कसे वाटले आहे, तसेच आस कुठे आहे, याचा स्थैर्यावर फार मोठा परिणाम होतो. दांडा कापल्यावर नेमकी हीच वाटणी बिघडते. ट्रेलर मागे घेतानाही आखूड दांडा त्रास देतो. गाडी सरळ मागे जात राहिली तर ट्रेलरचा लहानसा कोन, कपलर ते आस एवढे अंतर गेल्यावर, सुमारे २.७ पट होतो. हे अंतर ५ मीटरचे ४.४ मीटर झाले की चूक सुधारायला तेवढी कमी जागा मिळते. ट्रॅक्टरमागची दोन चाकांची ट्रॉली मागे घेताना ज्याने पाहिली असेल, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल, कापाकापी कशाला, ट्रेलर तिरका लावा. पण भूमितीची साथ इथे फार थोडी मिळते. आपल्या ट्रेलरची रुंदी २.३ मीटर धरली, तर सुरुवातीला तो वळवल्याने लागणारी खोली कमी होत नाही, उलट वाढते. कारण पुढचे टोक जेवढे मागे येते त्याहून जास्त मागचा कोपरा बाहेर सरकतो. साधारण वीस अंश वळवेपर्यंत काहीच फायदा नाही. तीस अंशांवर जेमतेम तीस सेंटीमीटर वाचतात आणि त्यासाठी गॅरेजची ४.३ मीटर रुंदी अडते. म्हणजे दुसऱ्या गाडीची जागा गेली आणि बोट तरीही बाहेरच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दांड्यात बिजागरी बसवली म्हणजे मुद्दाम कमकुवत जागा तयार केली, नाही का? बिजागरीवर ताण येतो हे खरेच. ती कपलरपासून ०.६ मीटरवर असेल तर ८० किलोंच्या भाराने तिथे सुमारे ४७० न्यूटन-मीटर वाकवणारे परिबल (मोमेंट) पडते, आणि खड्ड्यांत ते काही पटींनी वाढते. पण कपलरपासून चौकटीकडे जावे तसे हे परिबल वाढत जाते. म्हणजे बिजागरी बसते ती दांड्याच्या तुलनेने कमी ताणाच्या भागात. बाजारातल्या तयार बिजागऱ्या ठरावीक मापाच्या दांड्यासाठी आणि ठरावीक वजनासाठी बनवलेल्या असतात. त्यांत दोन्ही अंगांना एकेक उभी जाड खीळ असते. प्रवासात दोन्ही खिळी घट्ट बसलेल्या हव्यात. घरी एक काढली की दांडा दुसरीभोवती फिरून बाजूला जातो. ही कमकुवत जागा आपल्याला ठाऊक असते, डोळ्यांसमोर असते आणि तपासता येते. कापून जोडलेल्या दांड्यात जस्ताच्या मुलाम्याखाली वेल्डिंगला पडलेली चीर मात्र बाहेरून दिसत नाही.

तरीही हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागतात. म्हणून मुलामा न खरवडता वेल्डिंग केले तर जस्ताची वाफ कारागिराच्या छातीत जाते आणि उघडे पडलेले लोखंड खाऱ्या पाण्यात गंजते. ॲल्युमिनियमच्या दांड्यात वेल्डिंगलगतच्या भागाची ताकद बरीच घटते. अशा ठिकाणी बोल्टने बसणारी बिजागरीच योग्य. सुरक्षा-साखळ्या बिजागरीच्या मागे, मुख्य चौकटीला अडकवा, म्हणजे खीळ तुटली तरी ट्रेलर सुटणार नाही. टेकूचे चाकही मागेच हवे. ब्रेकच्या नळीला आणि वायरींना दुमडताना पुरेल इतकी ढील ठेवा. आणि पहिला रुपया किंवा डॉलर खर्च करण्याआधी बोटीच्या नाकापासून इंजिनाच्या टोकापर्यंत टेप लावा. तेवढीच लांबी गॅरेजपेक्षा जास्त भरली, तर दांडा दुमडूनही उपयोग नाही. जागा दुसरीच शोधावी लागेल.