अडकलेला स्पार्क प्लग

पेट्रोल इंजिनातला जुना स्पार्क प्लग बदलणे हे तसे सोपे काम आहे. पान्याने प्लग उलटा फिरवायचा, बाहेर काढायचा आणि त्याच्या जागी नवा बसवायचा. परंतु अमेरिकेतल्या एका इंजिनाने हे साधे काम भलतेच अवघड करून ठेवले. फोर्ड कंपनीच्या एफ-150 या पिकअप ट्रकमध्ये 2004 पासून 5.4 लिटरचे, आठ सिलिंडरांचे आणि दर सिलिंडरला तीन झडपा असलेले इंजिन बसवले जाऊ लागले. त्याचा प्लग फिरवताना पुष्कळदा कट्‌कन आवाज येई. वरचा भाग पान्याबरोबर बाहेर येई आणि खालचा भाग इंजिनातच राही.

तिकडे अनेक लोक गाडीची दुरुस्ती घरीच, आपल्या हाताने करतात. मागे उघडा हौदा असलेल्या अशा ट्रकवर सुताराचे, गवंड्याचे, शेतकऱ्याचे रोजचे काम चालते. प्लगचा तुकडा आत अडकला आणि निघाला नाही, तर सिलिंडर हेड उतरवावे लागते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. मग हा प्लग तुटतो कशामुळे? आणि तुटलेला भाग बाहेर कसा काढतात?

प्लगची रचना

स्पार्क प्लगच्या मध्यभागी धातूची एक काडी असते. तिच्याभोवती चिनी मातीसारखा दिसणारा अॅल्युमिनाचा पांढरा भाग असतो. त्यातून वीज जात नाही. बाहेरून पोलादी कवच असते आणि त्यावर आटे पाडलेले असतात. काडीला हजारो व्होल्टचा दाब मिळाला की तिच्या टोकाशी ठिणगी पडते आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटते.

नेहमीच्या प्लगमध्ये आटे जवळजवळ टोकापर्यंत असतात. या इंजिनाच्या प्लगमध्ये मात्र आटे बरेच वर आहेत. त्यांच्याखाली एक लांब, गुळगुळीत, पातळ पोलादी नळी आहे. ही नळी वरच्या कवचाला वेगळी जोडलेली असते, म्हणजे प्लगचे कवच एकसंध नसून दोन भागांचे आहे. सिलिंडर हेड अॅल्युमिनियमचे आहे आणि नळी त्यातल्या अरुंद भोकात बसते. नळी आणि भोक यांच्यामध्ये अगदी थोडी फट राहते. ज्वलनातून निघालेला कार्बन या फटीत साचतो आणि दगडासारखा घट्ट होतो.

हे प्लग 1 लाख मैलांनी, म्हणजे सुमारे 1 लाख 60 हजार किलोमीटरनी बदलायचे असतात. ताशी 60 किलोमीटर वेग धरला तर हे अंतर कापायला 1 लाख 60 हजार मिनिटे लागतात. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर दोन फेऱ्यांना एक या हिशेबाने प्रत्येक प्लग मिनिटाला 1000 ठिणग्या देतो. म्हणजे प्लग बदलण्याची वेळ येईपर्यंत 16 कोटी स्फोट होऊन जातात! वारंवार प्लग बदलण्याचा त्रास वाचला खरा, परंतु कार्बनलाही साचायला तेवढीच सवड मिळाली.

हाताला न कळणारे बल

प्लग अडला की माणूस जोर वाढवतो. त्या जोराचे आत काय होते, याचा हिशेब करू. पान्याचा दांडा 30 सेंटिमीटर लांब आहे आणि आपण 100 न्यूटन, म्हणजे साधारण 10 किलोग्रॅम वजनाइतके बल लावले, असे समजा. आट्यांमधले अंतर दीड मिलिमीटर धरू. एका फेऱ्यात आपला हात सुमारे 1885 मिलिमीटर फिरतो आणि प्लग केवळ दीड मिलिमीटर वर सरकतो. म्हणजे बल 1250 पट वाढायला हवे. यातले नऊ दशांशांहून अधिक घर्षणात वाया जाते. तरीही नळीवर जवळजवळ एक टन वजनाइतकी ओढ बसू शकते!

वरून एवढी ओढ आणि खालून कार्बनची पकड, अशी रस्सीखेच सुरू झाली की सर्वांत दुबळी जागा आधी सुटते. येथे ती जागा म्हणजे कवच आणि नळी यांचा सांधा.

इंजिन तापवले तर भोक मोठे होऊन नळी सुटणार नाही का? अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, हे तुम्ही शिकला असाल. आता आकडे पाहा. 10 मिलिमीटर व्यासाचे भोक आणि नळी दोन्ही 80 अंश सेल्सिअसने तापवली, तर त्यांच्या व्यासांतला फरक वाढतो तो मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाने. घट्ट बसलेला कार्बन एवढ्याने हटत नाही. उलट तापलेल्या अॅल्युमिनियमचे आटे खरवडले जाण्याचा धोका वाढतो. म्हणून हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करतात.

घाई न करण्याची रीत

कंपनीने 2008 मध्ये मेकॅनिकांसाठी काढलेल्या सूचनांचे सार असे: प्लग आधी फक्त एक अष्टमांश ते पाव फेरा सैल करावा. त्यामुळे वरची बैठक उघडते. मग कार्ब्युरेटर साफ करण्याचे द्रावण चमचाभर ओतावे आणि निदान 15 मिनिटे थांबावे. केशाकर्षणामुळे द्रावण बारीक फटीत शिरते आणि कार्बन मऊ करते. त्यानंतर प्लग थोडा सैल, थोडा घट्ट असा पुढेमागे फिरवत हळूहळू वर आणावा. पुन्हा अडला तर पुन्हा द्रावण घालून थांबावे.

द्रावण जास्त ओतणे घातक आहे. द्रव दाबला जात नाही. तो सिलिंडरमध्ये साचला आणि प्लग बसवून इंजिन चालू केले, तर दट्ट्याचा दांडा वाकू शकतो. शिवाय हे द्रावण ज्वालाग्राही असते.

नळी आत राहिलीच, तर खास अवजार लागते. नळीत उरलेला पांढरा तुकडा प्रथम थोडा खाली सरकवतात. तो फार सरकला तर सिलिंडरमध्ये पडेल, म्हणून हे फार सावकाश करावे लागते. मोकळ्या झालेल्या जागेत नळीच्या आतून आटे पाडतात. आटे पाडणाऱ्या हत्याराला ग्रीस फासलेले असते. धातूचा कीस त्याला चिकटतो आणि खाली पडत नाही. शेवटी त्या आट्यांत एक बोल्ट बसवून त्यावरचे नट फिरवतात, तेव्हा नळी सरळ वर ओढली जाते. ज्या स्क्रूच्या तत्त्वाने प्लग तोडला, तेच तत्त्व येथे उपयोगी पडते. फरक एवढाच की आता ओढ दुबळ्या सांध्यावर न पडता खुद्द नळीवर पडते.

नवा प्लग बसवताना त्याच्या नळीवर निकेलयुक्त वंगणाचा पातळ थर देतात, म्हणजे कार्बन तिला सहज धरत नाही. आट्यांना मात्र ते लावत नाहीत. इतर उत्पादकांनी पुढे या इंजिनासाठी एकसंध कवचाचे प्लगही बाजारात आणले. 2007 च्या अखेरीस फोर्डने सिलिंडर हेडची रचनाच बदलली.

करून पाहा

द्रावण बारीक फटीत कसे शिरते, हे वर्गात पाहता येईल. काचेच्या दोन सपाट पट्ट्या घ्या. त्यांच्या एका उभ्या कडेला काडेपेटीतली काडी ठेवा, दुसरी कडा चिकटलेली राहू द्या आणि वरून रबराचे वेढे घाला. आता पट्ट्यांची खालची कडा रंगीत पाण्यात उभी धरा. फट जिथे सर्वांत अरुंद आहे, तिथे पाणी सर्वांत उंच चढलेले दिसेल. पाणी चढून स्थिर व्हायला किती वेळ लागतो, तेही घड्याळ लावून मोजा. मग पाण्याऐवजी गोडे तेल घेऊन पाहा आणि दोन्ही वेळांची तुलना करा. मेकॅनिक 15 मिनिटे का थांबतो, याचे उत्तर तुम्हांला सापडेल.